माशीला सातबारा वाचता येत नाही

गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. पांढरी ताटली, त्यात मधोमध कापलेला हापूस आणि बाठ्याजवळच्या गरात वळवळणाऱ्या तीन पांढऱ्या अळ्या. खाली एकच ओळ : ‘हे तुमच्या पेटीतलं आहे.’

पेटी खरंच आमची होती. आचऱ्याजवळच्या कातळावर आमची थोडी कलमं आहेत. काका ती सांभाळतात. मी पुण्यात कोड लिहितो आणि आंब्याच्या दिवसांत ऑफिसातल्या लोकांकडून ऑर्डरी घेऊन काकांना कळवतो. बागेशी माझा संबंध एवढाच. फोटो काकांना पाठवला, पैसे परत केले आणि रात्री फोन लावला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सापळे तर लावलेले. मगे हे किडे खयसून इले?”

सापळे त्यांनी माझ्याच सांगण्यावरून लावले होते. मी एक व्हिडिओ बघितला होता, डबे मागवले होते आणि ‘आता फळमाशीचा प्रश्न मिटला’ असं मोठ्या तोंडाने सांगून मोकळा झालो होतो. डब्यांत माश्या भरपूर मेल्याही होत्या. तरीही आंब्यात अळ्या निघाल्या. काकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधताना मी भलताच लांब गेलो : आधी बिहारला, मग प्रशांत महासागरातल्या एका बेटावर. तिथून परत आचऱ्याला आलो तेव्हा लक्षात आलं की गडबड डब्यात नव्हती.

पुसा, 1912

बिहारमधल्या पुसा इथे 1905 साली इंग्रज सरकारने शेती संशोधन संस्था काढली. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाची देणगी त्यासाठी मिळाली होती. 1934 च्या भूकंपात तिची इमारत पडली आणि पुढे संस्था दिल्लीला गेली. दिल्लीतल्या संशोधन संस्थेला लोक अजूनही ‘पुसा’ म्हणतात, ते यामुळे.

तिथे एफ. एम. हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डासांचा त्रास टाळायला रुमालावर सिट्रोनेला तेल, म्हणजे एका सुगंधी गवताचं तेल, शिंपडलं होतं. डासांचं काय झालं ठाऊक नाही, पण त्या रुमालावर माश्यांचा थवा येऊन बसला. त्या घरातल्या माश्या नव्हत्या, फळमाश्या होत्या. हॉवलेटनी त्या तपासल्या तेव्हा दिसलं की आलेल्या सगळ्या माश्या नर आहेत.

दुसऱ्या कुणी रुमाल झटकला असता आणि विषय संपला असता. हॉवलेटनी 1912 मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला आणि मग तेलातल्या एकेका घटकाच्या मागे लागले. 1915 मध्ये त्यांनी नेमकं रसायन सांगितलं : मिथाईल युजेनॉल. आज कोकणातल्या कृषी सेवा केंद्रात ‘फळमाशीचा गंध’ म्हणून जे मागतात, ते हेच. आपल्या अंगणातल्या तुळशीतही ते असतं. म्हणूनच तुळशीची पानं चुरडून त्यावर विष घालून केलेले सापळेही नराला खेचतात.

एक योगायोग सांगायचा मोह होतो. आंब्यात सर्वांत जास्त नुकसान करणारी जी फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, तिला शास्त्रीय नाव मिळालं तेही 1912 मध्येच, तैवानात सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे माशीचं नाव आणि तिच्या वर्गातल्या माश्यांचा कच्चा दुवा एकाच वर्षी जगापुढे आले.

कीटक गंधाने एकमेकांना बोलावतात हे रसायनाच्या पातळीवर सिद्ध व्हायला 1959 उजाडलं. जर्मनीत बुटेनांट यांनी रेशमाच्या लाखो पतंगांपासून मादीचा गंध वेगळा काढला. त्यानंतर सफरचंदाच्या अळीच्या पतंगाचा गंध 1971 मध्ये ओळखला गेला. आज युरोप-अमेरिकेतल्या सफरचंद बागांत तोच गंध हवेत इतका पसरवतात की नराला मादी सापडतच नाही. पुसाचा रुमाल या सगळ्याच्या किती तरी आधीचा.

नरालाच का?

हा प्रश्न मलाही पडला. त्याचं उत्तर कळायला आणखी साठ-सत्तर वर्षं गेली. नर मिथाईल युजेनॉल चाटतो, ते शरीरात मुरवतो आणि त्यापासून माद्यांना आकर्षित करणारा स्वतःचा गंध बनवतो. ज्या नराला हे मिळालं, त्याचं जुळण्याची शक्यता वाढते. थोडक्यात, नर अत्तराच्या दुकानात येतो आणि आपण त्या दुकानात विष ठेवलेलं असतं.

पण आंब्याचं नुकसान नर करत नाही. मादी आपल्या टोकदार अवयवाने फळाच्या सालीखाली अंडी घालते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, कधी चिकाचा थेंब. दोनेक दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि गर खात आत शिरतात. फळ गळतं किंवा काढलेलं असेल तर अढीत सडतं. पूर्ण वाढलेली अळी फळातून उडी मारून मातीत जाते, कोष करते आणि पुढची माशी जमिनीतून वर येते. उन्हाळ्यात हे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरं होतं. एक मादी आयुष्यात शेकड्यांनी अंडी घालते.

म्हणजे काकांनी पेटी भरली तेव्हा तो आंबा वरून निर्दोष होता. अंडी आत होती, अळ्या पुण्याच्या वाटेवर फुटल्या. (जाता जाता : साका वेगळा. गरात पांढरट स्पंजासारखा भाग होतो त्याला साका म्हणतात आणि त्याचा माशीशी काही संबंध नाही. शहरातली गिऱ्हाइकं दोन्हींना ‘आंबा किडका निघाला’ म्हणतात.)

पंपाची वर्षं

हॉवलेट 1920 मध्ये वारले. त्यांच्या शोधाचा बागेत मोठा उपयोग व्हायला बराच काळ लागला, कारण मध्येच डीडीटी आलं. पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये त्याची कीटकनाशक शक्ती ओळखली आणि 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका फवाऱ्यात सगळं मरतंय म्हटल्यावर नर कोण, मादी कोण, कोणता गंध हे विचारायला कुणाला वेळ होता?

आंब्याला याची गरज वाटत होती ती मुख्यतः तुडतुड्यांसाठी. ही कीड मोहोराचा रस शोषते, चिकट पाणी सोडते, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मोहोर जळतो. आधी गंधक होतं, तंबाखूचा काढा होता. मग डीडीटी आणि बीएचसीच्या पावडरी आल्या. त्यांच्यामागून एंडोसल्फान, पुढे सिंथेटिक पायरेथ्रॉइड. आजीला बीएचसीचा वास अजून आठवतो. ती म्हणते, फवारणीच्या दिवशी विहिरीवर झापं टाकून ठेवायचो.

या काळाची किंमत हळूहळू कळत गेली. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेलं धान्य खाऊन शंभरावर माणसं मेली आणि त्यातून 1968 चा कीटकनाशक कायदा आला. डीडीटीचा शेतीतला वापर 1989 मध्ये थांबवला गेला, बीएचसी 1997 मध्ये बंद झालं. आपल्या खालच्या किनाऱ्यावर कासरगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं विमानातून एंडोसल्फान फवारलं जात होतं. तिथल्या मुलांचे फोटो देशाने पाहिले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली.

बागेतही हिशेब चुकत होता. एका किडीवर जोरदार औषध मारलं की तिला खाणारे कोळी आणि ढालकिडेही मरतात आणि कालपर्यंत किरकोळ असलेली दुसरी कीड वर येते. कोकणात आज बागायतदार सर्वांत जास्त वैतागले आहेत ते फुलकिडीला, म्हणजे थ्रिप्सला. औषध बदलून बदलून मारलं तरी ती दाद देत नाही. पंप पाठीला लावून हे औषध मारणारा माणूस बहुतेकदा नेपाळहून आलेला असतो, त्याच्या तोंडाला रुमाल असतो आणि डब्यावरची सूचना त्याला वाचता येत नाही. आमच्या बागेतही याहून वेगळं चित्र नाही.

आता मूळ अडचण. मोहोर आणि लहान कैरी असताना फवारणी करता येते. कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रकच आहे. पण फळमाशी येते फळ तयार होताना. अगदी त्याच वेळी फवारणी थांबवायची असते, नाहीतर औषधाचा अंश फळात राहतो. शिवाय अंडी सालीखाली सुरक्षित असतात आणि कोष मातीत. पंप जिथे पोचतो तिथे माशी नसते आणि माशी असते तेव्हा पंप चालवायचा नसतो. म्हणून शेवटी माणूस पुन्हा त्या रुमालाकडे वळला.

एक बेट

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ही माशी हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या फळबागांना तिने ग्रासलं. अमेरिकन कृषी खात्यातले स्टाइनर यांनी हॉवलेटचा जुना धागा उचलला. नरासाठी फक्त एक-दोन सापळे लावून भागणार नाही हे त्यांना दिसत होतं. एक नर अनेक माद्यांशी जुळू शकतो. शंभरातले नव्वद नर मारले तरी उरलेले दहा पुढची पिढी चालवायला पुष्कळ. माद्यांची अंडी खरोखर नासवायची असतील तर जवळजवळ सगळे नर संपवले पाहिजेत, तेही सतत आणि सगळीकडे.

ते ‘सगळीकडे’ त्यांना मारियाना द्वीपसमूहातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर मिळालं. मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले लगद्याच्या फळीचे चौकोनी तुकडे विमानातून बेटभर टाकले. ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकले. 1965 मध्ये त्यांनी जाहीर केलं की रोटावर ही माशी उरलेली नाही. जपानने हीच रीत ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवर वर्षानुवर्षं चालवली, काही बेटांवर वांझ केलेले नर सोडण्याची जोड दिली आणि 1986 पर्यंत आपल्या भूमीवरून ही माशी घालवली.

त्याच 1986 साली जपानने भारतीय आंब्याला दार बंद केलं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो. आपल्याकडे या बातम्या ‘आंब्यावर अन्याय’ म्हणून येतात. पण एवढी वर्षं आणि एवढा पैसा घालून ज्यांनी माशी हुसकली, ते आमच्या पेटीतून ती परत कशाला येऊ देतील?

जपानचं दार 2006 मध्ये उघडलं, पण अट घालून : आंबा बाष्पाच्या उष्णतेत ठेवायचा, गराचं तापमान 47.5 अंशांवर वीस मिनिटं राहिलं पाहिजे. अमेरिकेत 1989 पासून बंदी होती, तिथे फळमाशीबरोबर कोयीतल्या भुंग्याचीही भीती होती. ती उठली 2007 मध्ये. पहिले आंबे गेले ते लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात विकिरण करून. मुळात कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ते केंद्र. हापूस आधी नाशिक जिल्ह्यात, मग अमेरिकेत असा प्रवास.

आणि मग युरोप. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत किडी सापडल्या. युरोपीय संघाने आंबा, कारलं, पडवळ, वांगं आणि अळू यांवर 1 मे 2014 पासून बंदी घातली. 1 मे हा महाराष्ट्र दिन, शिवाय 1981 साली त्याच तारखेला रत्नागिरीतून वेगळा होऊन आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. ब्रिटनमध्ये मूळ गोव्याचे खासदार कीथ वाझ यांनी बंदीविरुद्ध आवाज उठवला. जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठली. त्यानंतर युरोपला जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवला जातो.

हे सगळे उपाय चालतात. पण ते बागेनंतरचे आहेत. माशी बागेत आलीच, तिने अंडी घातलीच, आता ती अंडी मारा, असा त्यांचा अर्थ. आणि ते निर्यातीच्या आंब्यासाठी आहेत. पुण्यातल्या माझ्या गिऱ्हाइकाचा आंबा कुणी गरम पाण्यात बुडवत नाही.

रक्षक

बागेतला उपाय आमच्या अगदी जवळ तयार झाला होता. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा फळमाशी सापळा काढला. प्लास्टिकचा डबा, बाजूला भोकं, आत मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेला ठोकळा. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी चार सापळ्यांची आहे. औषध डब्यातच राहतं, फळाला लागत नाही, मधमाशीला लागत नाही, नेपाळहून आलेल्या त्या माणसाच्या फुप्फुसात जात नाही. किंमत एका पेटीच्या मानाने किरकोळ.

पण त्या शिफारशीत सापळा एकटा नाही. खाली पडलेली फळं रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरायची, कारण प्रत्येक सडलेला आंबा म्हणजे पुढच्या माश्यांचं पाळणाघर. झाडाखालची माती उकरायची, म्हणजे कोष उन्हात आणि मुंग्यांच्या तोंडी पडतात. तयार फळ झाडावर फार दिवस ठेवायचं नाही. जमेल तिथे लहानपणीच फळाला कागदी पिशवी घालायची, म्हणजे मादी सालीपर्यंत पोचतच नाही.

आम्ही यातलं एकच केलं होतं : डबे टांगले. तेही एप्रिलच्या अखेरीला, निम्मा आंबा उतरल्यावर. ठोकळे बदलले नव्हते. मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो : सर्व्हरवर अलार्म लावला, तो वाजतही होता आणि आम्ही ‘व्वा, किती छान वाजतोय’ म्हणून खूश होतो. डबा भरलेला दिसला की माशी संपतेय असं वाटतं. खरं तर भरलेला डबा सांगत असतो की बागेत माशी अजून किती आहे.

या वर्षी फेब्रुवारीत सुट्टी काढून गावी गेलो आणि हे सगळं काकांना सांगितलं. पुसा, रुमाल, रोटा बेट. काका सुपारी कातरत ऐकत होते. रोटावर विमानातून तुकडे टाकले म्हटल्यावर हसले. मग उठून मला बागेच्या वरच्या गडग्यापाशी घेऊन गेले.

गडग्यापलीकडे जुनी बाग आहे. कलमं उंच वाढलेली, खाली रान माजलेलं, चार रायवळ, दोन पेरू. आंबे लागतात, पिकतात, पडतात. उचलायला कुणी नाही. मालक मुंबईला. एक मालक असता तर फोन केला असता, पण सातबाऱ्यावर सोळा नावं आहेत आणि वाटण्या झालेल्या नाहीत.

“तुज्या त्या बेटाक चारी बाजूंनी पाणी,” काका म्हणाले. “हय गडगो. माशीक सातबारो वाचूक येता काय रे?”

फोटोचं उत्तर तिथेच होतं. आमच्या सापळ्यांनी आमचे नर मारले होते. पलीकडच्या बागेत जुळून आलेल्या माद्या गडगा ओलांडून आमच्या फळावर अंडी घालत होत्या. अंडी घालायला निघालेल्या मादीला मिथाईल युजेनॉलचं काही देणंघेणं नसतं. डबा तिला दिसतही नाही.

हॉवलेटपासून दापोलीपर्यंत शंभर वर्षांत रसायन मिळालं, डबा मिळाला, तो स्वस्तही झाला. रोटाने दाखवलं तेही स्पष्ट आहे : हे औषध झाडाला द्यायचं नसतं, परिसराला द्यायचं असतं. राहिला आहे तो प्रश्न कीटकशास्त्राचा नाही. मालवणपासून देवगडपर्यंतच्या कातळावर अशा किती बागा आहेत, ज्यांची सगळी नावं मुंबईला आणि पुण्याला राहतात? आंबा आपला म्हणून मे महिन्यात दोन पेट्या हक्काने मागतात आणि पडलेला आंबा कुणी उचलायचा हे विचारत नाहीत.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. त्या सोळा नावांपैकी चार आमच्या घरातली आहेत. एक माझं.

त्या रात्री मी भावंडांच्या ग्रुपवर लिहिलं : वरच्या बागेत साफसफाई करायची आहे, सापळे लावायचे आहेत, पडलेली फळं उचलायला महिनाभर एक माणूस ठेवायचा आहे. वाटणीचा विषय नाही, कुणाचा हक्क कुठे जात नाही. खर्च अमुक, प्रत्येकी अमुक. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग डोंबिवलीच्या आत्याने पैसे पाठवले, सोबत ‘बाबांनी लावलेली कलमं आहेत ती’ एवढंच. तिच्यामागून आणखी सहा जणांचे आले. एकाने विचारलं, यात आपली सही लागेल का? एक जण ग्रुप सोडून गेला.

मार्चच्या सुरुवातीला दोन्ही बागांत सापळे चढले. काकांनी गडग्याला लागून खड्डा खणून घेतला. ठोकळे कधी बदलायचे ते मी माझ्या फोनवर लावून ठेवलं आणि त्या दिवशी सकाळी त्यांना फोन करत गेलो. मेअखेरच्या पेट्या या वर्षी मी विकल्या नाहीत. आधी घरीच कापून बघायच्या असं ठरलं. काकांनी ओटीवर बसून एकेक आंबा कापला, आजी बाजूला चष्मा लावून बसली होती. काही फळांत अळ्या निघाल्या, बऱ्याच फळांत निघाल्या नाहीत. गेल्या वर्षीपेक्षा कमी, असं काका म्हणाले, पण त्यांच्याकडे गेल्या वर्षीची मोजणी नव्हती. म्हणून या वर्षीची त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. किडके आंबे बादलीत घालून ते खड्ड्याकडे गेले आणि जाताना मला म्हणाले, गडग्याच्या खालच्या अंगाला आणखी एक बाग आहे, तिचे मालक ठाण्याला असतात, त्यांचा नंबर मिळतो का बघ.